आतून वाढलेली घरं

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

मुंबईच्या इमारतींबद्दल आपण बरंच वाचतो. व्हीटी स्टेशन कोणी उभारलं, मरीन ड्राइव्हच्या इमारतींना ती गोलाई कुठून आली, गिरगावातल्या चाळींत कोण कोण राहून गेलं, हे सगळं छापून येतं. पण इमारत बांधून झाली, लोक राहायला आले आणि मग पुढच्या पन्नास-साठ वर्षांत त्यांनी आतून तिचं काय केलं, हे क्वचितच कोणी सांगतं. माझा धंदा नेमका तोच, राहत्या घरात फेरफार करून देण्याचा. कागदावर त्याला नूतनीकरण म्हणतात. आमचं गिऱ्हाईक मात्र म्हणतं, ''घराचं काम काढलंय.'' या काम काढण्यालाही शंभर वर्षांचा इतिहास आहे. भाड्याचा कायदा, स्वयंपाकाचं इंधन, लाकूड चिकटवायचा गोंद अशा वरवर संबंध नसलेल्या गोष्टींनी तो घडवला आहे.

सुरुवात प्लेगपासून करावी लागते. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि दाटीवाटीच्या वस्त्यांकडे सरकारचं लक्ष गेलं. १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. पुढे १९२० साली बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट, म्हणजे आपलं बीडीडी, आलं आणि वरळी, नायगाव, शिवडी, डिलाईल रोड इथे मिळून २०७ चाळी उभ्या राहिल्या. एका कुटुंबाला एक खोली, १६० चौरस फुटांची. आराखडा करणाऱ्याच्या मनात एक कामगार आणि त्याचं लहानसं बिऱ्हाड असावं. प्रत्यक्षात गावाकडून भाऊ आला, मेहुणा आला, मुलं मोठी झाली, त्यांची लग्नं झाली. खोली तेवढीच राहिली.

मग माणसांनी वर पाहिलं. जुन्या चाळींच्या खोल्या उंचीला चांगल्या असत. कुठे दहा, कुठे अकरा फूट. त्या उंचीत आडवे वासे टाकून, वर फळ्या ठोकून पोटमाळा झाला. वर मुलांनी झोपायचं, खाली म्हाताऱ्यांनी. एका बाजूला लाकडी शिडी. घरातल्या घरात जागा निर्माण करण्याचा मुंबईकराचा हा पहिला मोठा प्रयोग म्हणायला हरकत नाही. त्याला ना आर्किटेक्ट होता ना नकाशा. चाळीतलाच एखादा सुतार रविवारी येऊन काम करून जायचा.

या प्रयोगाला खरी गती दिली ती १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानं. या कायद्यानं मुंबईतली भाडी १९४० सालच्या पातळीशी बांधून टाकली. हेतू चांगला होता. युद्धानंतर घरांची टंचाई होती आणि भाडेकरूला संरक्षण हवं होतं. पण महागाई वाढत गेली, भाडं जिथल्या तिथे राहिलं. परिणाम असा झाला की भाडेकरू जागा सोडीना आणि मालक दुरुस्ती करीना. मालकाचं म्हणणं, एवढ्या भाड्यात जिनासुद्धा रंगवून होत नाही. भाडेकरूचं म्हणणं, इमारत मालकाची, तिच्यावर मी का खर्च करू? त्यात पागडी देऊन घेतलेली जागा. म्हणजे ती पुरती आपली नाही आणि परक्याचीही नाही.

अशा वेळी माणूस आपल्या उंबरठ्याच्या आत पैसा घालतो. मुंबईत तेच झालं. खोलीत चकचकीत लाद्या आल्या, मोरीला दार लागलं, भिंतीत कपाटं बसली. बाहेर मात्र जिन्याची पायरी तुटलेली, गच्चीतून पाणी झिरपतंय, तुळईला वाळवी लागलेली. शेवटी सरकारला मध्ये पडावं लागलं. १९६९ मध्ये इमारत दुरुस्ती आणि पुनर्रचना मंडळाचा कायदा झाला आणि जुन्या इमारतींवर उपकर बसला. अशा उपकरप्राप्त इमारती साडेएकोणीस हजारांहून जास्त होत्या. पागडीला कायद्यानं मान्यता मिळाली ती १९९९ च्या भाडेनियंत्रण कायद्यात. तोवर घराचं आतलं आणि बाहेरचं अशी फूट पक्की झाली होती. आतलं आपलं, बाहेरचं कोणाचंच नाही. आमचा धंदा या फटीतच वाढला.

आता थोडं स्वयंपाकघराकडे वळू. माझ्या मते घराच्या रचनेतला शतकातला सर्वांत मोठा बदल तिथे झाला. पूर्वी स्वयंपाक बसून होई. चूल किंवा कोळशाची शेगडी जमिनीवर, बाई पाटावर, मांडणी हाताशी. धुरानं काळवंडलेल्या भिंती. पुढे प्रायमस आला आणि १९५५ च्या सुमारास मुंबईत बर्मा शेलनं घरगुती गॅस आणला. शेगडी उचलून वर ठेवता येऊ लागली आणि तिच्यासाठी ओटा हवा झाला. ओट्याला कडप्प्याची काळी फरशी. ओटा आला म्हणून नळ वर गेला, मोरीतली भांडी सिंकमध्ये गेली, मांडणी भिंतीवर चढली. जमिनीवरचं घर कमरेच्या उंचीला आलं. आजही ओट्याची उंची ठरवताना मी पुस्तकातला आकडा घेत नाही. स्वयंपाक करणाऱ्या माणसाला भिंतीशी उभं करतो, कोपर वाकवायला सांगतो आणि त्याखाली चार इंचांवर खूण करतो.

नीटनेटक्या घराची कल्पना लोकांपुढे मांडणारेही त्या काळात होते. पुण्याचे इंजिनिअर आर. एस. देशपांडे यांनी मध्यमवर्गाच्या स्वस्त आणि आरोग्यदायी घरांवर १९३५ मध्ये इंग्रजीत पुस्तक लिहिलं. १९३७ साली इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्सनं मुंबईच्या टाउन हॉलमध्ये 'आयडियल होम' प्रदर्शन भरवलं. सिधवा कुटुंबानं १९२२ मध्ये स्वदेशीच्या भावनेतून सिमेंटच्या रंगीत लाद्यांचा भारत टाइल्सचा उद्योग काढला होता. त्या प्रकारच्या लाद्या आजही जुनी घरं उकरताना सापडतात आणि कित्येकदा त्यांच्यावर टाकलेल्या नव्या लाद्यांपेक्षा धड निघतात.

सुतारकामाचं रूप बदललं ते प्लायवूड आणि सनमायकानं. त्यापूर्वी सुतार सरस उकळून लावायचा. त्याचा वास घरभर पसरायचा. १९५९ मध्ये फेव्हिकॉल बाजारात आला आणि उकळण्याची कटकट गेली. सागवान रंधून, कूस-साल घालून जोड करणारा कारागीर हळूहळू मागे पडला. प्लायचा पत्रा कापायचा, चिकटवायचा, वर सनमायका. काम झटपट झालं आणि भिंतीला भिडलेलं फर्निचर सामान्य माणसाच्या आवाक्यात आलं. त्याच सुमारास मालकीचे फ्लॅट वाढत होते. गावदेवीत सारस्वत मंडळींची सहकारी गृहनिर्माण सोसायटी १९१५ पासून होती, पण फ्लॅट विकत घेण्याची सर्वसाधारण रीत साठ-सत्तरच्या दशकांत रुजली. मालकी आल्यावर हात मोकळा झाला. गॅलरी खोलीत घ्यायची, दोन खोल्यांमधली भिंत पाडायची, संडास-बाथरूम एकत्र करायचं. आणि ''काँट्रॅक्टर'' हा शब्द घराघरांत आला.

हा धंदा चालतो कसा, तेही सांगायला हवं, कारण बाहेरून तो फार फायद्याचा दिसतो. तोडकाम, गवंडी, प्लंबर, वायरमन, लादीवाला, सुतार, रंगारी या क्रमानं सात तरी हात घराला लागतात. एकाचं काम अडलं की पुढचे सहा बसून राहतात. कारागिरांना दर आठवड्याला खर्ची द्यावी लागते, मग गिऱ्हाइकाचा हप्ता आलेला असो वा नसो. पूर्वी कोकणातले आणि गुजरातेतले मिस्त्री जास्त होते. आता राजस्थान आणि उत्तर प्रदेशातली मंडळी मोठ्या संख्येनं आहेत. गिऱ्हाइकाला घर गणपतीपूर्वी किंवा दिवाळीपूर्वी हवं असतं आणि कारागिराला त्याच दिवसांत गावाला जायचं असतं. २०२० च्या टाळेबंदीत कारागीर गावी गेले आणि कितीतरी घरं उकरलेल्या अवस्थेत महिनोन्महिने पडून राहिली.

या धंद्यात बुडालेले लोक मी पुष्कळ पाहिले. कामं मिळाली नाहीत म्हणून बुडालेले त्यात थोडे. बहुतेक बुडाले ते एका घराच्या बयाण्यातून दुसऱ्या घराचा प्लाय आणल्यामुळे. कामं वाढत असतात तोवर हे चक्र फिरतं. एक महिना नवं काम आलं नाही की शेवटच्या घराचं काम अर्धवट राहतं. म्हणून प्रत्येक घराची वही वेगळी, पैसा वेगळा, मापं दोघांच्या सहीची आणि वाढीव कामाचा दर ते करण्याआधी लिहून घेतलेला, एवढी शिस्त असली तरी धंदा टिकतो. गिऱ्हाइकानंही सगळे पैसे आधी देऊ नयेत आणि शेवटचा हप्ता विनाकारण अडवू नये. त्या शेवटच्या हप्त्यात बऱ्याचदा काँट्रॅक्टरचा सगळा नफा असतो.

पण पैशापेक्षा मोठा प्रश्न भिंतीचा आहे. २५ जुलै २०१७ रोजी घाटकोपरमधली सिद्धी साई ही इमारत कोसळली आणि १७ जणांचे प्राण गेले. तळमजल्यावर त्या वेळी फेरफाराचं काम चालू होतं आणि त्यात आधाराच्या खांबांना धक्का लावल्याचा आरोप झाला. ती बातमी वाचून आमच्या धंद्यातल्या प्रत्येकानं मनातल्या मनात आपली जुनी कामं मोजली असतील.

धोका फक्त खांब तोडण्यात नसतो, वजनातही असतो. जुनी लादी उकरायचा त्रास नको म्हणून तिच्यावरच नवी लादी टाका, असा आग्रह धरणारे लोक आजही भेटतात. हिशेब करून पाहा. १६० चौरस फुटांच्या खोलीत दोन इंच मसाला टाकला तर नुसत्या मसाल्याचंच वजन दीड टनाच्या आसपास जातं. वर लादीचं वेगळं. चाळीच्या एका मजल्यावरच्या दहा खोल्यांनी असं केलं तर पंधरा टन झाले, आणि खाली असतात जुन्या सागवानी तुळया. प्रत्येकानं फक्त आपली खोली सजवलेली असते. बेरीज कोणीच केलेली नसते.

कायदा नाही असं नाही. मुंबई महानगरपालिकेच्या १८८८ च्या अधिनियमातलं ३४२ वं कलम इमारतीत फेरबदल करण्याआधी आयुक्तांना कळवायला सांगतं. सोसायटीचीही परवानगी लागते. १९७२ च्या आर्किटेक्ट्स कायद्यानुसार आर्किटेक्ट म्हणवून घ्यायला नोंदणी लागते. पण घरातलं काम करणाऱ्या काँट्रॅक्टरला अशी कुठलीच परीक्षा नाही. ज्याच्याकडे चार कारागीर आणि एक फोन, तो काँट्रॅक्टर. भिंत ठोकून आवाजावरून ती पोकळ की भरीव, एवढं त्याला कळतं. ती वरचा किती भार पेलते, हे ठोकून कळत नाही. त्यासाठी इमारतीचा मूळ नकाशा हवा, आणि जुन्या सोसायट्यांच्या कपाटात बहुधा तोच सापडत नाही.

लोक घर बदलणारच, हे आधीच गृहीत धरून रचना करणारेही झाले. नवी मुंबईत बेलापूरला चार्ल्स कोरिया यांनी ऐंशीच्या दशकात 'आर्टिस्ट्स व्हिलेज' ही वसाहत आखली. तिथली घरं बैठी, प्रत्येकाची भिंत स्वतंत्र, शेजाऱ्याशी सामाईक नाही. ऐपत आली की मालकानं आपल्या मिस्त्रीकडून खोली वाढवावी आणि शेजाऱ्याच्या घराला तडा जाऊ नये, असा विचार त्यात होता. आज तिथली अनेक घरं ओळखू न येण्याइतकी बदलली आहेत. कोणाला त्याचं वाईट वाटतं. मला ती त्या रचनेची पावती वाटते.

आता काळ उलट्या दिशेला चालला आहे. अलीकडच्या अनेक उंच इमारती ॲल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या असतात. त्यांच्या आतल्या भिंतीही काँक्रीटच्या आणि भार पेलणाऱ्या असतात. तिथे भिंत पाडणं सोडाच, वायरसाठी खोल खाच मारणंही चुकीचं. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या बीडीडी चाळींतल्या ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. १६० फुटांच्या जागी ५०० फूट. शंभर वर्षं आतून वाढत आलेली ही माणसं तिथेही कधी ना कधी काम काढतीलच. मुलं मोठी होतील, सून येईल, म्हाताऱ्यांसाठी बाथरूम जवळ हवं होईल.

म्हणून माझं सांगणं एवढंच आहे. घराचा ताबा घेताना चावीबरोबर भार पेलणाऱ्या भिंती आणि खांब दाखवणारा नकाशा मागून घ्या. सोसायटीनं त्याची एक प्रत दफ्तरात ठेवावी आणि प्रत्येक घरात झालेला फेरफार तारखेनिशी तिच्यावर नोंदवावा. लग्नाचा अल्बम आपण जपतो, लाइट बिलं जपतो. हा एक कागदही त्यांच्याबरोबर ठेवावा. पुढे कधी काम निघालं आणि हातात छिन्नी घेऊन माझ्यासारखा कोणी दारात उभा राहिला, तर आधी तो कागद त्याच्या हातात द्या.