टॉलपडलचे झाड

इंग्लंडच्या इतिहासाचे नाव काढले की आपल्या डोळ्यांपुढे राजे आणि राण्या उभ्या राहतात. मी मात्र आज तुम्हांला डॉर्सेट परगण्यातील टॉलपडल या खेड्यात नेणार आहे. पिडल नावाची लहानशी नदी, बाराव्या शतकाच्या खुणा बाळगणारे सेंट जॉनचे चर्च आणि हिरवळीवरचे एक सिकॅमोरचे झाड. गावाचे नाव तोला नावाच्या विधवेवरून पडले. अकराव्या शतकात तिने ही जमीन ॲबट्सबरीच्या मठाला दिली होती.

या झाडाखाली शेतमजूर जमत. आठवड्याची मजुरी नऊ शिलिंगांवरून आठ, आठांवरून सात झाली, आणि पुढे सहाची धमकी आली. त्याआधी मालकांनी वाजवी मजुरीचे वचन दिले होते, तेही पाद्र्यासमक्ष. पुढे पाद्र्यानेच ते नाकारले. तोंडी वचनाची किंमत काय, हे मीही एकदा एका गिरणीच्या दारात शिकलो, म्हणून ही गोष्ट वाचताना मला हसू आले.

१८३३ साली जॉर्ज लव्हलेस या मेथॉडिस्ट उपदेशकाच्या पुढाकाराने मजुरांनी संघ काढला. थॉमस स्टँडफील्डच्या घरी माडीवरच्या खोलीत नवे सभासद डोळे बांधून शपथ घेत. संघ काढणे तेव्हा गुन्हा नव्हता. संघबंदीचे कायदे १८२४ सालीच रद्द झाले होते. मग जमीनदार-मॅजिस्ट्रेट फ्रॅम्प्टन यांनी गृहमंत्री मेलबर्न यांच्याशी पत्रव्यवहार केला, आणि नौदलातील बंडानंतर १७९७ साली झालेला गुप्त शपथांविरुद्धचा कायदा उकरून काढला गेला! कायदा मालकाला नेमका हवा तेव्हा सापडतो.

२४ फेब्रुवारी १८३४ च्या पहाटे सहा जणांना पकडले. मार्चमध्ये डॉर्चेस्टरला खटला झाला आणि सर्वांना सात वर्षांच्या काळ्या पाण्याची शिक्षा झाली. लव्हलेस टास्मानियाला गेला, बाकीचे न्यू साउथ वेल्सला. पण २१ एप्रिलला लंडनच्या कोपनहेगन फील्ड्सवर हजारो कामगार जमले, सह्यांच्या अर्जांचे गठ्ठे निघाले. १८३६ साली सरकारला माफी द्यावी लागली. परत आलेल्यांपैकी पाच जण पुढे कॅनडात जाऊन स्थायिक झाले.

ते झाड अजून उभे आहे. २००५ साली तपासले तेव्हा ते १६८० च्या सुमाराचे ठरले. गावात १९३४ साली, शताब्दीनिमित्त, गवती छपराचा निवारा आणि ट्रेड युनियन काँग्रेसने बांधलेली सहा घरे आहेत. दर जुलैत तेथे कामगारांचा मेळा भरतो.

मला मात्र जेम्स हॅमेट आठवतो. शपथेच्या रात्री तो तेथे नव्हता, त्याचा भाऊ होता, असे सांगतात. तो गप्प राहिला आणि भावाची शिक्षा भोगून आला. सहांपैकी गावी राहिला तो एकटाच. म्हातारपणी दृष्टी गेली, तेव्हा तो डॉर्चेस्टरच्या अनाथाश्रमवजा वर्कहाउसात गेला आणि १८९१ साली तेथेच वारला. सेंट जॉनच्या आवारात त्याला पुरले. एरिक गिल या शिल्पकाराने कोरलेला दगड त्या जागेवर आला तो १९३४ साली, त्रेचाळीस वर्षांनी.