मुनवा आणि जनुक

वसई-आगाशीच्या वाड्यांतील राजेळी केळ पिढ्यानपिढ्या मुनव्यांवरच वाढत आली. तिच्या फळात बी धरत नाही. (वाळवून केलेली तिची सुकेळी मुंबईकरांना ठाऊक आहेतच.) बीच नाही म्हटल्यावर संकराने रोगाला दाद न देणारे वाण काढणे महाकठीण. विसाव्या शतकाच्या मध्यास पनामा मर रोगाने ‘ग्रो मिशेल’ केळीला जगाच्या बाजारातून हुसकावले, आणि पुढे तिची जागा घेणाऱ्या कॅव्हेंडिशवरही त्याच बुरशीचा नवा प्रकार उलटला. ऑस्ट्रेलियात जेम्स डेल व सहकाऱ्यांनी रानकेळीतील प्रतिकारक जनुक कॅव्हेंडिशमध्ये घातले. २०२४ साली तेथे त्या वाणास परवानगी मिळाली.

मातीत दबून राहणाऱ्या या बुरशीवर खात्रीचे औषध नाही. तेव्हा फवारणीवाचूनचा हा उपाय सेंद्रिय शेतीला खरे तर जवळचा वाटावा. पण २००१ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाचे निकष जनुकांतरित रोपाला सरसकट नाकारतात. परागकणांतून जनुक पसरण्याची भीती इतर पिकांत समजू शकते. वांझ केळीत ती कुठली?

माझी शंका निराळी आहे. २००२ साली परवानगी मिळालेली बीटी कपाशी मुख्यतः संकरित वाणांतूनच आली, आणि बियाणे दरवर्षी विकत घेणे ओघाने आलेच. मुनवा मात्र शेजारच्या वाडीतून मागून आणता येतो. जनुक घातलेल्या केळीचा मुनवाही तसाच मागता येईल काय?