मूत्राशयदाह : नाव, संख्या आणि वेदना

रोगाला दिलेले नाव हे बहुधा त्या रोगाविषयीच्या तत्कालीन समजुतीचे नाव असते. स्त्रियांमध्ये विशेषत्वाने आढळणाऱ्या मूत्राशयदाहाचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे.

चरक व सुश्रुत यांच्या संहितांत ‘मूत्रकृच्छ्र’ ही संज्ञा येते. ‘कृच्छ्र’ म्हणजे कष्ट. मराठी बोलीत ‘उन्हाळी लागणे’ म्हणतात. त्यातील ‘ऊन’ हे ‘उष्ण’ शब्दाचे तद्भव रूप होय. दोन्ही नावांचा आधार रुग्णाची वेदना हाच आहे.

जंतुशास्त्राने हा आधार बदलला. थिओडोर एशेरिश यांनी १८८५ मध्ये आतड्यातील ज्या जंतूचे वर्णन केले, तोच या विकाराचे प्रमुख कारण ठरला. स्त्रीचा मूत्रमार्ग सुमारे ४ सेंटिमीटर लांबीचा व गुदद्वाराच्या निकट असल्याने हा जंतू मूत्राशयात सहज पोहोचतो. परंतु तपासणीसाठी घेतलेल्या मूत्रात बाहेरचे जंतूही मिसळतात. खरा संसर्ग ओळखावा कसा? बोस्टन येथील एडवर्ड कॅस यांनी १९५६ मध्ये दर मिलिलिटरला १ लक्ष जंतू ही मर्यादा सुचविली. तिचा पाया मूत्रपिंडदाहाचे रुग्ण आणि लक्षणे नसलेल्या व्यक्ती यांचा अभ्यास हा होता. पुढे मात्र ही मर्यादा मूत्राशयदाहाची जणू व्याख्याच होऊन बसली.

याचा परिणाम असा झाला की, जळजळ आहे पण संख्या उणी आहे अशा स्त्रियांच्या दुखण्यासाठी ‘मूत्रमार्ग-लक्षणसमूह’ हे निराळे नाव रूढ झाले, आणि त्याचे मूळ कधी कधी मनातही शोधले गेले. १९८२ मध्ये सिअ‍ॅटल येथील वॉल्टर स्टॅम व त्यांचे सहकारी यांनी अशा स्त्रियांच्या मूत्राशयातूनच थेट नमुने घेतले. तेव्हा अनेकींच्या बाबतीत जंतू प्रत्यक्ष मूत्राशयात होते, केवळ संख्येने कमी होते, असे दिसून आले. तीव्र लक्षणे असलेल्या स्त्रीच्या बाबतीत १०० ही संख्याही अर्थपूर्ण ठरते, असा त्यांचा निष्कर्ष होता.

प्रत्येक जळजळ या जंतूमुळेच होते, असा याचा अर्थ नव्हे. तिची अन्य कारणेही असतात. परंतु एका प्रकारच्या रुग्णांसाठी आखलेली मर्यादा दुसऱ्यांना लावली की शास्त्रीय संज्ञाही दिशाभूल करते. ‘कृच्छ्र’ या जुन्या शब्दाला जंतू ठाऊक नव्हते. पण रुग्णेचे कष्ट त्याने कधी नाकारले नाहीत.