उसावर धावलेला देश : ब्राझीलच्या इथेनॉलची कथा

१९७४ च्या अखेरीस जागतिक बाजारात साखरेला विक्रमी भाव होता. वर्षभरात तो गडगडला. ब्राझीलचे साखर कारखानदार हवालदिल झाले. दुसरीकडे १९७३ च्या तेलसंकटाने सरकारची झोप उडवली होती, कारण देशाला लागणाऱ्या खनिज तेलापैकी सुमारे ८० टक्के बाहेरून येत असे. राष्ट्राध्यक्ष एर्नेस्तो गायझेल यांच्या लष्करी राजवटीने या दोन्ही संकटांवर एकच तोडगा काढला. १४ नोव्हेंबर १९७५ रोजी ‘प्रोआल्कोल’ योजनेचा हुकूम निघाला. पर्यावरणाची चिंता तिच्या मुळाशी नव्हती. आजच्या गौरवगाथांत हे सहसा सांगितले जात नाही.

उसाचा रस किंवा मळी आंबवायची, तिचे ऊर्ध्वपातन करायचे आणि मिळालेले इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळायचे, अशी सुरुवात झाली. आसवनीची भट्टी उसाच्या चिपाडावरच पेटते, हा या पिकाचा मोठा गुण. मात्र लिटरभर इथेनॉलमागे दहा लिटरांहून अधिक स्पेंटवॉश उरतो. प्रारंभी तो नद्यांत गेला. पुढे खत म्हणून उसालाच दिला जाऊ लागला.

१९७९ मध्ये केवळ इथेनॉलवर चालणारी फियाट १४७ बाजारात आली. थंडीत इंजिन सुरू होईना, म्हणून पेट्रोलची छोटी टाकी वेगळी बसवावी लागे. धुराला उसाच्या ‘कशासा’ दारूचा वास येई. तरीही सरकारने इथेनॉल पेट्रोलपेक्षा बरेच स्वस्त ठेवल्याने १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत दहांपैकी नऊ नव्या मोटारी इथेनॉलच्या होत्या.

मग १९८६ मध्ये खनिज तेल स्वस्त झाले. सरकारी तिजोरीला सवलतींचा भार पेलवेना, आणि साखरेचा भाव चढताच कारखान्यांनी ऊस साखरेकडे वळवला. १९८९ च्या अखेरीस पंपांवर रांगा लागल्या. इथेनॉलची मोटार घेतलेल्यांना दुसरे इंधन वापरताच येत नव्हते. जगातील या अग्रगण्य इथेनॉल उत्पादक देशावर इथेनॉल आयात करण्याची वेळ आली, आणि लोकांचा विश्वास असा उडाला की त्या मोटारींची विक्री पुढल्या दशकात जवळजवळ थांबली.

तो परतला २००३ मध्ये, दोन्ही इंधनांवर कोणत्याही प्रमाणात चालणाऱ्या फोक्सवागन गोलमुळे. लिटरमागे इथेनॉलची ऊर्जा सुमारे ३० टक्के कमी असते. म्हणून पेट्रोलच्या ७० टक्क्यांहून कमी भाव असेल तरच इथेनॉल भरावे, हा हिशेब तेथील चालकांच्या अंगवळणी पडला. निवड प्रथमच ग्राहकाच्या हाती आली.

महाराष्ट्राच्या ऊसपट्ट्यालाही साखर आणि इंधन यांमधील ही ओढाताण परकी नाही. २००१ मध्ये इथेनॉलमिश्रित पेट्रोलचे प्रायोगिक प्रकल्प मिरज आणि मनमाड येथे झाले. पुढे धोरणाच्या भरवशावर अनेक कारखान्यांनी कर्जे काढून आसवन्या उभारल्या. अपुऱ्या पावसामुळे साखर घटण्याची चिन्हे दिसताच, ७ डिसेंबर २०२३ रोजी केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यास मनाई केली. आठवडाभरात ती अंशतः शिथिल झाली. गाळप हंगाम तेव्हा सुरूच होता.