धर्मढोंगावरील मराठी विनोदी चित्रपट

दांभिक सदाचार, बुवाबाजी आणि देवस्थानांचा बाजार यांची थट्टा करणारी मराठी चित्रपटांतील परंपरा. तिचा पाया कोल्हापूरच्या हंस पिक्चर्सने घातला. बाबूराव पेंढारकर, मास्टर विनायक आणि पांडुरंग नाईक यांनी १९३६ मध्ये काढलेल्या या संस्थेसाठी प्र. के. अत्रे यांनी पटकथा लिहिल्या. धर्मवीर (१९३७) या चित्रपटात धर्माच्या आडून प्रतिष्ठा मिरविणाऱ्या धनिकाचा बुरखा फाडला आहे. कथेला इब्सेनच्या नाटकाचा आधार होता.

ब्रह्मचारी (१९३८) त्याहून धारदार. देशभक्त जटाशंकरांच्या व्याख्यानाने भारावलेला औदुंबर (विनायक) नटींची चित्रे फेकून देतो आणि एका आचार्यांच्या आश्रमात दाखल होतो. किशोरी (मीनाक्षी) आली की ब्रह्मचर्याचे व्रत ढासळते. मीनाक्षी यांच्या पोहण्याच्या पोशाखातील गाण्याने तेव्हा खळबळ उडाली, पण तेवढ्यासाठीच हा चित्रपट आठवणे अन्यायाचे होईल. अत्र्यांचा रोख श्रद्धेवर नव्हता. शरीराला शत्रू मानणाऱ्या कवायती शिस्तीवर होता, आणि म्हणूनच तो आजही बोचतो.

मराठीत या परंपरेचा ठळक वारसदार म्हणजे उमेश कुलकर्णी यांचा देऊळ (२०११). गुराखी केशाला दत्तदर्शन होते. पुढारी, पत्रकार आणि दुकानदार मिळून गावाचे तीर्थक्षेत्र करतात. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार देऊळला ब्यारी या चित्रपटासोबत विभागून मिळाला.