हुंड्याची याद आणि फौजदारी कायदा

लग्न ठरविण्याच्या बैठकीत पूर्वी ‘याद’ होत असे. हुंडा किती, करणी कोणाची, विहिणीचा मानपान काय, हे सारे कागदावर उतरवून दोन्हीकडील वडीलधाऱ्या मंडळींसमक्ष वाचले जाई. आज असा कागद सहसा कोणी करीत नाही. त्याचे श्रेय आपल्या सुधारणेस देण्याचा मोह होतो. परंतु कागद गेला तो बव्हंशी कायद्याच्या धाकाने, आणि कलमे तेवढी तोंडी वचनांत उतरली, असे आम्हांस वाटते.

तो कायदा सुखासुखी झालेला नाही. दोन्ही सभागृहांचे एकमत होईना, म्हणून ६ व ९ मे १९६१ रोजी संसदेची संयुक्त बैठक भरवावी लागली. स्वतंत्र भारतातील ती पहिलीच. १ जुलै १९६१ पासून हुंडा घेणे व देणे हे दोन्ही गुन्हे ठरले. शिक्षा मात्र फार तर सहा महिने कैद, अथवा पाच हजारांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. हुंडा मागणाऱ्यावर खटला भरावयाचा तर सरकारची पूर्वपरवानगी हवी, फिर्याद वर्षाच्या आत हवी. शिवाय लग्नातील रोकड, दागिने व कपडे लग्नाचा मोबदला म्हणून दिले नसतील तर तो हुंडा नव्हे, असा खुलासा खुद्द कायद्यातच होता. मुलीचा बाप देणारा म्हणून स्वतःच गुन्हेगार! मग फिर्याद करणार कोण?

त्याहून मोठी उणीव अशी की, देण्याघेण्याला शिक्षा होती; मुलगी सासरी गेल्यावर त्या देण्यापायी तिचे जे हाल होत, त्यांना दंडसंहितेत स्वतंत्र नावच नव्हते. ती दगावली तर खून किंवा आत्महत्येस प्रवृत्त करणे, यांपैकी एक गोष्ट निःसंशय शाबीत करावी लागे. बंद दाराआडचे साक्षीदार म्हणजे सासरचीच माणसे. १९८२ साली पुण्यात लग्नास अवघे चार महिने झालेली एक विवाहिता विषाने मरण पावली. तो खटला हुंड्याचा नव्हता. तथापि बहिणीला व मैत्रिणीला तिने लिहिलेली पत्रे पुराव्यात होती. सत्र न्यायालयाने पतीस फाशी ठोठावली, उच्च न्यायालयाने ती कायम केली आणि १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यास निर्दोष सोडले. परिस्थितिजन्य पुराव्याची साखळी पूर्ण नव्हती. न्यायाच्या दृष्टीने ती काटेकोर कसोटी योग्यच होय. पण चार भिंतींआडचे मरण तिच्यात कसे बसावे?

याचे उत्तर कायद्याने दोन टप्प्यांत दिले. १९८३ मध्ये ४९८-अ हे कलम आले व पतीने वा त्याच्या नातलगांनी केलेली क्रूरता हा गुन्हा झाला. कैद तीन वर्षांपर्यंत. १९८६ मध्ये ३०४-ब आले. विवाहापासून सात वर्षांच्या आत स्त्रीचा अनैसर्गिक मृत्यू झाला आणि त्याच्या नजीकच्या काळात हुंड्यासाठी तिचा छळ झाल्याचे दिसले, तर तो हुंडाबळी. सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा. अशा वेळी न्यायालयाने आरोपीविरुद्ध गृहीत धरून चालावे आणि त्याने ते खोडून काढावे, असे साक्षीच्या कायद्यात लिहिले गेले. छळ झालेल्या व्यक्तीच्या जबाबावरून तिच्यावरच खटला भरू नये, अशीही तरतूद त्याच वर्षी झाली. १ जुलै २०२४ पासून हीच कलमे न्याय संहितेत ८० व ८५ या क्रमांकांनी आली आहेत.

अर्थाचे वाद राहिलेच. महाराष्ट्रातील एका खटल्यात २००७ साली घरखर्चासाठी व खतासाठी मागितलेले पैसे हुंडा नव्हेत असे ठरले. २०१५ मध्ये तो निर्णय अग्राह्य ठरला. उलट बाजूने, ४९८-अ खाली सरसकट अटक करू नये, हेही सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये बजावले. त्यात आम्हांस गैर काही दिसत नाही. नणंदेपासून दूरच्या आजेसासूपर्यंत सर्वांची नावे घातलेली फिर्याद मूळ दुःखालाच पातळ करते.

तरी ‘नजीकच्या काळातील छळ’ सांगणार कोण? बहुधा माहेरचे. आणि बचावाचे वकील त्यांना पहिला प्रश्न हाच विचारतात, की ती जिवंत असताना तक्रार का केली नाही? तक्रार झालेली असते, पण ती ज्ञातीतील चार मानकऱ्यांपुढे. ते व्याह्यांना एकत्र बसवितात, थोडे आणखी देववितात आणि मुलीला परत पोचवितात. अशा समेटास हजर असलेल्यांपैकी किती जण पुढे साक्षीच्या पिंजऱ्यात उभे राहिले, याची नोंद आमच्या एकाही वार्षिक अहवालात नाही.