रुपयाची खूण : वहीतून यंत्रात

भवानीनगर म्हटले की ऊस आला, ऊस आला की वजनाची चिठ्ठी आली, आणि चिठ्ठीच्या पाठोपाठ बिल आले. तेव्हा या गावी रुपयाविषयी बोलावयास संकोच नको. मात्र रुपया कसा मिळवावा हे आम्ही सांगणार नाही. ते आपणांस आमच्याहून अधिक ठाऊक आहे. तो कसा लिहावा, एवढाच आमचा विषय. विषय लहान खरा. पण पैशाच्या लिखाणात एक रेघ चुकली तरी कोणाच्या तरी पदरी नुकसान येते.

पेशवाईत रुपया एक नव्हता. पुण्याचा अंकुशी वेगळा, चांदवडच्या टांकसाळीचा चांदवडी वेगळा. एक देऊन दुसरा घ्यावयाचा तर वटाव द्यावा लागे. म्हणून हिशेबात नुसता आकडा भागत नसे. रुपया कोणता, तेही नोंदवावे लागे. १८३५ साली कंपनी सरकारने १८० ग्रेन वजनाचा एकच रुपया चालू केला, तेव्हा हा घोळ कायद्याने तरी मिटला.

रुपयाचे आणे १६, आण्याचे पैसे ४ आणि पैशाच्या पया ३. हे लिहिण्याची आपल्या वाडवडिलांची रीत मोठी सुटसुटीत होती. आकड्यापुढे एक उभी रेघ म्हणजे पाव रुपया, अर्थात ४ आणे. दोन रेघा म्हणजे अर्धा. तीन म्हणजे पाऊण. त्यापुढच्या आडव्या बारीक रेघा एकेका आण्याच्या. ‘५॥=’ असे दिसले की जुना माणूस पाच रुपये दहा आणे असे झटकन वाची. तीन उभ्या नि तीन आडव्या रेघांत १५ आण्यांपर्यंतचा सारा हिशेब बसे. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली, रुपयाचे १०० नवे पैसे झाले, आणि या रेघांचे काम संपले. १९६४ साली पैशाचे ‘नवे’पणही गेले. मोडी तर त्याआधीच शाळेतून उठली होती.

आता यंत्राकडे वळू. संगणकाला अक्षर कळत नाही. त्याला फक्त क्रमांक कळतो. जगातील प्रत्येक अक्षराला व खुणेला एक ठरावीक क्रमांक देणारी जी व्यवस्था आहे, तिला युनिकोड म्हणतात. तीत बंगाली, गुजराती व तमिळ लिप्यांना रुपयाची स्वतंत्र खूण आहे. देवनागरीचे काम मात्र ‘रु.’ या संक्षेपावरच चालत आले. मौज अशी की, मोडी व कैथी वह्यांतील जुनी रुपयाची खूण आणि त्या पाव-अर्ध्याच्या रेघा यांना २००९ साली युनिकोडमध्ये जागा मिळाली, आणि आजच्या ₹ या चिन्हाला त्यानंतर एक वर्षाने! हे चिन्ह मुंबईच्या आय.आय.टी.मध्ये संशोधन करणाऱ्या डी. उदय कुमार यांनी रेखिले. देवनागरी ‘र’ आणि रोमन ‘आर’ यांचा त्यात मेळ आहे. १५ जुलै २०१० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ते स्वीकारले, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात त्याला युनिकोडमध्ये ८३७७ हा क्रमांक मिळाला.

पण क्रमांक मिळणे निराळे आणि टंकात आकृती असणे निराळे. प्रारंभीच्या घाईत काहींनी एक युक्ती केली: कळफलकावरील एका क्वचित लागणाऱ्या उलट्या स्वरचिन्हाच्या जागी रुपयाचे चित्र बसविलेले टंक तयार केले. स्वतःच्या यंत्रावर रुपया दिसे. तोच मजकूर दुसऱ्याकडे गेला, आणि तेथे तो टंक नसला, की रुपया जाऊन टिंबासारखी तिरपी रेघ उरे. खरा क्रमांक वापरला तरी जुन्या टंकात रिकामी चौकट उमटे. पेशवाईत रुपया कोणता हा प्रश्न होता. येथे रुपया आहे की नाही हाच प्रश्न झाला!

जुन्या वह्यांच्या बाबतीत धोका याहून मोठा आहे. घरोघरच्या चोपड्या आता संगणकात उतरविल्या जात आहेत. ‘५।’ मधील रेघ उतरविणाऱ्याला पूर्णविरामाचा दंड वाटला आणि त्याने ती गाळली, की ४ आणे गेले. तिच्या जागी साधा दंडच टंकिला, तर डोळ्याला फरक दिसत नाही. पण यंत्र त्याला विराम समजते, पाव समजत नाही. कर्ज कोणाचे, किती, फिटले की नाही, हे ज्या कागदावरून ठरले, त्याची अशी नक्कल पुढच्या पिढीला फसवील. म्हणून नक्कल करणाऱ्याने त्या खुणांचे नेमलेले क्रमांक वापरावे, शेजारी आणे शब्दांत लिहावे, आणि मूळ पानाचे छायाचित्र जोडावे.

उपाय नवा नाही. रक्कम अंकी लिहून पुन्हा अक्षरी लिहिण्याची शिस्त आपल्याकडे जुनीच आहे. हुंडी लिहिणाऱ्याला आकड्याचा भरवसा नव्हता, म्हणून त्याने शब्दाला साक्षीस उभे केले. ₹ हे चिन्ह आपण जरूर वापरावे. पण ज्या कागदावर कोणाचे वर्षाचे पीक अवलंबून आहे, त्यावर ‘रुपये’ हा शब्द आणि अक्षरी रक्कम गाळू नये. खूण पुसली गेली तरी शब्द तेवढा शिल्लक राहतो.